सामनेवाल्याला बोलावताना : ऑनलाइन तडजोड सेवेच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

पुण्यातून चालणाऱ्या आमच्या ऑनलाइन तडजोड सेवेला सहा महिने पूर्ण झाले, म्हणून आजपासून कामाच्या नोंदी तारीखवार लिहून ठेवायचे ठरवले आहे. सेवेचे स्वरूप थोडक्यात असे: पाच हजार ते तीन लाख रुपयांपर्यंतचे दिवाणी वाद, म्हणजे घर सोडल्यावर न मिळालेली अनामत, सुताराची किंवा रंगाऱ्याची अडकलेली बाकी, क्लासची परत न मिळालेली फी, दुकानदाराचे महिनोन्‌महिने थकलेले बिल, हे मोबाइलवरून नोंदवायचे, सेवेने सामनेवाल्याला कळवायचे आणि दोघांना मान्य असलेल्या तटस्थ व्यक्तीच्या मदतीने फोनवर, व्हिडिओवर किंवा लेखी निरोपांतून तडजोड घडवायची. एवढ्या रकमेसाठी दिवाणी दावा लावणे फारसे कोणाला परवडत नाही. वकिलांची फी, कोर्ट फी आणि प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी यांचा हिशेब केला की माणूस "जाऊ दे, अक्कलखाती जमा" असे म्हणून गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यात कोणाचे दोन महिन्यांचे भाडे जाते, तर कोणाचे दुकानाचे भांडवल जाते.

अर्ज येत आहेत. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. सामनेवाल्याला पत्र जाते, संदेश जातो, आणि बहुतेक वेळा पुढे काहीच घडत नाही. सहा महिन्यांत सामनेवाल्याने होकार देऊन प्रत्यक्ष बोलणी सुरू झाली अशी प्रकरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मात्र जेथे दोघे बोलायला बसले तेथे बहुतेक वेळा मार्ग निघाला. याचा अर्थ सरळ आहे. अर्जांची संख्या वाढवून सेवा वाढणार नाही. समोरचा माणूस का येत नाही, याचे उत्तर सापडेपर्यंत जाहिरातीवर एक रुपयाही खर्च करायचा नाही, असे आज तिघांनी मिळून ठरवले.

१० जून २०२४

आमच्या कामाचा कायदेशीर पाया पुन्हा एकदा नीट वाचला, कारण सामनेवाल्याला काय सांगायचे हे त्यावरच अवलंबून आहे. लवाद आणि समेट कायदा, १९९६ याच्या तिसऱ्या भागात, कलम ६१ ते ८१ मध्ये, समेटाची पद्धत दिलेली आहे. कलम ६२ प्रमाणे एका पक्षाने दुसऱ्याला वादाचा विषय थोडक्यात लिहून समेटासाठी लेखी आमंत्रण पाठवायचे असते. दुसऱ्याने ते लेखी स्वीकारले तरच कार्यवाही सुरू होते, आणि तीस दिवसांत किंवा आमंत्रणात दिलेल्या मुदतीत उत्तर आले नाही तर ते नाकारले असे धरता येते. समेट होऊन दोघांनी सह्या केल्या, की त्या तडजोडनाम्याला कलम ७४ प्रमाणे लवाद निवाड्याचा, म्हणजे लवादाने दिलेल्या बंधनकारक निर्णयाचा, दर्जा मिळतो. मध्यस्थी कायदा, २०२३ मध्ये ऑनलाइन मध्यस्थीसाठी स्वतंत्र कलम आहे. परंतु ९ ऑक्टोबर २०२३ पासून त्यातील काही कलमेच अंमलात आली असल्यामुळे सध्या आमचा आधार १९९६ च्या कायद्याचाच आहे.

वाचताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. कायद्याने जो शब्द वापरला आहे तो "आमंत्रण" असा आहे, आणि आम्ही मात्र गेले सहा महिने लोकांना "नोटीस" पाठवत आलो आहोत.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी वाद न्यायाधिकरणाने १ जून २०१७ पासून पाच हजार डॉलरपर्यंतचे किरकोळ दावे ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे अर्ज करण्यापूर्वी एक प्रश्नमाला असते, ती माणसाला त्याचा प्रश्न कोणत्या प्रकारात मोडतो हे समजावून देते आणि बरेच काही तेथेच सोपे होते. ती कल्पना घेण्यासारखी आहे. परंतु ते न्यायाधिकरण कायद्याने स्थापन झालेले असल्यामुळे समोरच्याने उत्तर दिले नाही तरी त्याला निर्णय देता येतो. आमच्यापाशी तसा कोणताही अधिकार नाही, आणि तो असल्यासारखे भासवणे हा सरळ अप्रामाणिकपणा ठरेल. सामनेवाला येईल तो स्वतःच्या इच्छेनेच येईल.

१९ जून २०२४

आज शिरूर तालुक्यातील एका गावी जाऊन आलो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा त्या गावच्या तंटामुक्ती समितीचे जे पहिले अध्यक्ष झाले, त्यांना भेटायचे होते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, ऐकू कमी येते, पण बांधावरून झालेली भांडणे त्यांनी कशी मिटवली हे सांगताना त्यांना प्रत्येक गट नंबर आठवत होता.

मी आमचे पत्र त्यांना वाचून दाखवले. "आपणाविरुद्ध खालीलप्रमाणे तक्रार प्राप्त झाली असून, सात दिवसांच्या आत खुलासा सादर न केल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल." त्यांनी हात वर करून मला थांबवले. ते म्हणाले, "अहो साहेब, हे पत्र मला आलं असतं तर मीसुद्धा आलो नसतो. तुम्ही त्याला आधीच आरोपी करून टाकलंय. त्याचंही काही गाऱ्हाणं असेल की नाही? ज्याच्या दारात जायचं त्याला पहिल्यांदा हे कळू द्या, की त्याचंही कोणीतरी ऐकणार आहे. कागद मागनं."

परतीच्या एसटीतच नवा मसुदा लिहायला घेतला. पत्राच्या पहिल्या ओळीत आता तक्रार येत नाही, तर समोरच्याचे म्हणणे विचारले जाते: "तुमच्यात आणि अमुक यांच्यात स्वयंपाकघराच्या कामाच्या बाकीवरून मतभेद आहे असे त्यांनी आम्हाला कळवले आहे. त्यांची बाजू आम्ही ऐकली आहे. तुमची बाजू अजून ऐकलेली नाही, आणि ती ऐकल्याशिवाय आम्ही काहीही मत बनवत नाही." दुसऱ्या परिच्छेदात आम्ही न्यायालय नाही, येणे बंधनकारक नाही, आणि येथे बोललेले पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे स्पष्ट लिहिले. हा शेवटचा मुद्दा कलम ८१ मध्येच आहे: समेटात मांडलेली मते, दिलेल्या कबुल्या, पुढे केलेले प्रस्ताव नंतर न्यायालयात किंवा लवादापुढे पुरावा म्हणून आणता येत नाहीत. एवढे मोठे संरक्षण कायद्याने दिलेले असताना आम्ही ते पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापत होतो.

उत्तर देण्याची रीतही बदलली. आतापर्यंत खाते उघडून पासवर्ड तयार करावा लागत असे; आता पत्रातील क्रमांकावर नुसता मिस्ड कॉल दिला तरी आमच्याकडून फोन जाईल, आणि व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलेले उत्तरही चालेल. कलम ६२ प्रमाणे स्वीकृती लेखी हवी, ती फोन झाल्यावर एका छोट्या संदेशाने घेता येते.

८ जुलै २०२४

नव्या पत्रानंतर सामनेवाले येऊ लागले आहेत. त्यातील एका प्रकरणाची नोंद दोन्ही पक्षांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे करत आहे; कलम ७५ प्रमाणे समेटातील सर्व बाबी गोपनीय असल्यामुळे परवानगीशिवाय एक ओळही लिहायची नाही, हा नियम या नोंदींनाही लागू आहे.

अर्जदार हडपसर भागातील सुतार. त्यांनी एका शिक्षिकेच्या घरी स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बसवल्या, आणि ३८,५०० रुपये बाकी राहिले. अर्जात त्यांनी लिहिले होते की बाईंनी पैसे बुडवले. बाईंनी नव्या पत्राला त्याच संध्याकाळी बोलून उत्तर पाठवले, आणि त्या उत्तरात पैशांचा उल्लेख जवळपास नव्हताच. ट्रॉली अडकते म्हणून त्यांनी अकरा वेळा फोन केला होता आणि अकराही वेळा "उद्या येतो" असे ऐकले होते. राग त्या अकरा फोनांचा होता.

व्हिडिओ कॉलवर समेटकाराने, म्हणजे दोघांना मान्य असलेल्या तटस्थ व्यक्तीने, दोघांनाही आधी पाच-पाच मिनिटे न अडवता बोलू दिले. मग त्यांनी बाईंना विचारले, "ताई, ती ट्रॉली आत्ता दाखवता का?" बाईंनी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि खालून तिसरी ट्रॉली ओढली. ती अर्ध्यावर येऊन कडेला कलली. बंद करताना उजव्या बाजूला बोटभर फट राहिली, आणि त्या फटीत झुरळे शिरू नयेत म्हणून वर्तमानपत्राची घडी खोचलेली होती. सुतार बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चॅनल सरळ बसलेली नाही ती. माझ्या पोरानं लावली होती, मी त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होतो." बाई म्हणाल्या, "हे तेव्हाच येऊन पाहिलं असतं तर मी त्याच दिवशी पैसे दिले असते, मिस्त्री."

तडजोड पस्तीस हजारांवर झाली. सुतारांनी रविवारपर्यंत दोन्ही चॅनल नव्या बसवून द्यायच्या, बाईंनी त्या चालवून पाहून त्याच वेळी वीस हजार आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पंधरा हजार द्यायचे. सारे बोलणे पन्नास मिनिटांत आटोपले. हा वाद दिवाणी न्यायालयात गेला असता तर दावा, कैफियत, मुद्दे, साक्षी अशी सगळी वाट चालावी लागली असती, आणि ती तिसरी ट्रॉली तरीही कोणी उघडून पाहिली असती की नाही याची मला खात्री वाटत नाही.

२२ जुलै २०२४

आमच्या हातून एक गंभीर चूक होता होता टळली, म्हणून ती सविस्तर लिहितो. एका अर्जदाराने थकबाकीपोटी मिळालेला धनादेश न वटल्याचे अर्जात नमूद केले होते. आम्ही नेहमीप्रमाणे आमंत्रण पाठवले आणि तीस दिवसांची मुदत मोजायला सुरुवात केली. परंतु धनादेश न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत परक्राम्य संलेख कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ खालील मागणीची नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी समोरच्याला पंधरा दिवस असतात, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. आमच्या आमंत्रणाचे तीस दिवस आणि त्यांच्या नोटिशीचे तीस दिवस एकाच वेळी संपत होते. मुदतीला चार दिवस उरले असताना आमच्या सहकारी ताईंनी बँकेच्या मेमोवरची तारीख पाहिली आणि अर्जदाराला त्याच दिवशी वकिलाकडे पाठवले, म्हणून त्यांचा हक्क शाबूत राहिला.

साध्या पैशांच्या दाव्यालाही हेच लागू आहे. केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी, मोबदला देण्याची तारीख ठरलेली नसेल तर, काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, आणि १९९६ च्या कायद्याखाली समेटाची बोलणी सुरू आहेत एवढ्यामुळे ती थांबत नाही. आता अर्ज भरतानाच आम्ही कामाची किंवा व्यवहाराची तारीख, शेवटचे पैसे कधी मिळाले ती तारीख आणि धनादेश असल्यास मेमोची तारीख विचारतो, आणि प्रकरणाच्या पानावर मुदतीचा अखेरचा दिवस सर्वांत वर, लाल अक्षरांत दाखवतो. मुदत साठ दिवसांवर आलेली असेल तर अर्ज स्वीकारण्याआधी अर्जदाराशी फोनवर बोलल्याखेरीज पुढे जायचे नाही.

१४ ऑगस्ट २०२४

प्रश्नमाला तयार झाली. सेवा वाढवायची असताना लोकांना दुसरीकडे पाठवणारा दरवाजा बांधण्यात महिना घालवला, हे वरवर उलटे वाटेल, परंतु चुकीच्या ठिकाणी आलेल्या माणसाचे दोन महिने आमच्यामुळे वाया गेले तर तो पुन्हा कोणत्याच तडजोडीवर विश्वास ठेवणार नाही.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे बिल पंचेचाळीस दिवसांहून अधिक थकले असेल, तर त्याला २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याखाली, अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाता येते आणि बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज मागता येते. भोसरीतल्या कितीतरी वर्कशॉपवाल्यांना हे ठाऊक नाही. त्यांना आम्ही हे पहिल्याच पानावर सांगतो, आणि तरीही गिऱ्हाईक टिकवून तडजोड करायची असेल तरच पुढे नेतो. कंपनीविरुद्ध ग्राहक म्हणून तक्रार असेल तर ऑनलाइन पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी फी नाही. गृहनिर्माण संस्था आणि सभासद यांच्यातील बहुतेक वाद सहकार न्यायालयाच्या कक्षेत पडतात.

सर्वांत जास्त चर्चा अनामतीच्या वादांवर झाली, कारण पुण्यात विद्यार्थी आणि नोकरीसाठी आलेली मुले यांच्यामुळे हेच अर्ज सर्वाधिक येतात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कक्षेतील वाद लवादाकडे सोपवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १४ डिसेंबर २०२० च्या विद्या द्रोलिया निकालात स्पष्ट झाले आहे. तेव्हा लिव्ह अँड लायसन्सच्या कोणत्याही वादात आमच्याकडून लवाद नेमला जाणार नाही. दोघांच्या संमतीने पैशांपुरता समेट होत असेल तर तेवढाच करायचा आणि ताब्याच्या प्रश्नाला हात घालायचा नाही. घरमालकांना एक माहिती आवर्जून देतो. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी त्यांची आहे, आणि तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे वाक्य वाचल्यावर बोलण्याचा सूर पुष्कळदा बदलतो.

२ सप्टेंबर २०२४

तडजोडीची रक्कम आमच्या खात्यात घेऊन मग पुढे द्यावी, अशी सूचना अनेकांनी केली. ती घेतली नाही. दुसऱ्यांचे पैसे मध्ये धरून ठेवणे हे रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालचे काम आहे आणि त्यासाठी लागणारी परवानगी आमच्याकडे नाही. पैसे थेट एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात यूपीआयने जातील, आणि व्यवहार क्रमांक दोघांनी प्रकरणाच्या पानावर नोंदवायचा. आमची फी ठरावीक राहील आणि मिळालेल्या रकमेची टक्केवारी कधीही घेतली जाणार नाही, कारण टक्केवारी घेणारा तटस्थ राहू शकत नाही.

२४ सप्टेंबर २०२४

एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या वसुली विभागाकडून प्रस्ताव आला आहे. महिन्याला हजारो प्रकरणे द्यायला ते तयार आहेत. दर प्रकरणामागे आमच्या सध्याच्या फीच्या निम्मा दर, पण संख्या एवढी की वर्षभराचे कार्यालयाचे भाडे आणि तिघांचे पगार दोन महिन्यांत निघतील. अटी तीन आहेत. लवाद त्यांनी मान्य केलेल्या यादीतूनच नेमायचा, कर्जदाराला पत्र त्यांच्या मसुद्याप्रमाणे इंग्रजीत जाईल, आणि कर्जदार पहिल्या सुनावणीला आला नाही तर एकतर्फी निवाडा पंधरा दिवसांत द्यायचा.

सध्या बँकेत चार महिन्यांचा खर्च आहे, त्यामुळे हा प्रस्ताव कागदावर पाहून बाजूला ठेवणे सोपे नव्हते. परंतु वादाच्या निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितले आहे, आणि यादी त्यांची, नेमणूक आमच्या नावाने, असे केल्याने त्यातील दोष जात नाही. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. बीडमधल्या एखाद्या कर्जदाराला आमच्या नावाचे इंग्रजी पत्र आले आणि त्याला न समजताच त्याच्याविरुद्ध निवाडा झाला, की त्यानंतर आमचे मराठीतले आमंत्रण त्या गल्लीत कोणीही उघडून पाहणार नाही. उत्तर लगेच दिले नाही. चौथ्या सहकाऱ्याशी, म्हणजे हिशेब पाहणाऱ्या काकांशी, बोलून मगच लिहायचे ठरले.

१८ ऑक्टोबर २०२४

राज्यात ज्या दस्तांवर शंभर रुपये मुद्रांक शुल्क होते त्यांतील अनेकांवर आता किमान पाचशे रुपये लागतील. बारा हजारांच्या तडजोडीत पाचशे रुपये ही लहान रक्कम नव्हे, आणि आज एका रंगाऱ्याने "स्टॅम्पशिवाय चालणार नाही का?" असे विचारलेही. चालणार नाही. अपुरा मुद्रांक असलेला दस्त पुराव्यात घेतला जात नाही, आणि वेळ येईल तेव्हा तोच कागद उभा राहायला हवा. शुल्क दोघांनी निम्मे-निम्मे भरावे, अशी डीफॉल्ट तरतूद मसुद्यात घातली. अडीचशे रुपये दोघांनीही भरले की तडजोड दोघांची होते, असा अनुभव येथेही येईल अशी अपेक्षा आहे.

१२ नोव्हेंबर २०२४

८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. एका पक्षाला एकट्याने लवाद नेमण्याचा अधिकार देणारे कलम लवादाच्या निष्पक्षतेबद्दल रास्त शंका निर्माण करते, आणि सरकारी कंपन्यांच्या करारांतील असे एकतर्फी कलम समानतेच्या तत्त्वाचा भंग करते, असे बहुमताने म्हटले आहे. आम्ही कर्ज कंपनीला नकाराचे पत्र मात्र निकालाच्या आधी, ऑक्टोबर अखेरीसच पाठवले होते. त्यात एक पर्यायही दिला होता: कर्जदाराला मराठीत आमंत्रण, समेटकाराची निवड दोघांच्या संमतीने, आणि निवाड्याऐवजी हप्त्यांची फेरबांधणी. त्यांच्याकडून उत्तर आलेले नाही. हिशेब पाहणाऱ्या काकांनी मार्चपर्यंतचा खर्च कसा भागवायचा याचा नवा तक्ता करून दिला. दोघांचे पगार काही काळ निम्मे होतील.

यासंदर्भात एक जुनी गोष्ट काकांनीच सांगितली. १८७० च्या दशकात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्ट सुरू झाले होते. महागड्या आणि लांबणाऱ्या कज्ज्यांपासून लोकांना सोडवण्यासाठी याच शहरात कोणी तरी दीडशे वर्षांपूर्वी बसले होते, आणि तेव्हाही दोन्ही बाजूंनी आपणहून यावे लागत होते, हे ऐकून बरे वाटले.

३ फेब्रुवारी २०२५

जाहिरात न करताही कोल्हापूर आणि नाशिककडून अर्ज येऊ लागले आहेत. "आमच्याबद्दल कोठून कळले?" या प्रश्नाची उत्तरे आज एकत्र वाचली. बरेच जण आधीच्या एखाद्या प्रकरणातील सामनेवाल्याचे नातेवाईक, शेजारी किंवा धंद्यातील ओळखीचे आहेत. ट्रॉलीच्या प्रकरणातील शिक्षिकांनी त्यांच्या शाळेतील तिघींना आमच्याकडे पाठवले आहे. अर्जदार फारसे कोणाला पाठवत नाहीत. बाकी वसूल झाली की त्यांना त्या विषयावर बोलायचे नसते. जो आरोपी ठरण्याच्या भीतीने आला आणि ज्याचे ऐकून घेतले गेले, तो मात्र सांगत सुटतो.

तेव्हा नव्या जिल्ह्यात जाण्यापूर्वी तेथे समेटकार तयार हवेत. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीच्या प्रशिक्षणाप्रमाणे किमान चाळीस तासांचे प्रशिक्षण ही अट कायम ठेवली आहे. कोल्हापूरसाठी एक निवृत्त बँक अधिकारी आणि एक माजी मुख्याध्यापिका, नाशिकसाठी द्राक्ष बागायतदारांचे व्यवहार जाणणारे एक वकील तयार झाले आहेत. कोल्हापूरच्या बोलण्याचा बाज पुण्याच्या समेटकाराला लगेच सापडत नाही, हे दोन प्रकरणांत दिसले. तेथे "तुमी काय म्हंतासा ते आयकतो की" हे जितक्या सहज म्हटले जाते तितके आमच्या लेखी निरोपांतून उतरत नाही. म्हणून जिल्ह्याबाहेरची प्रकरणे शक्यतो त्या जिल्ह्याच्या माणसाकडेच द्यायची.

४ मार्च २०२५

आमच्या एका तडजोडनाम्यावर प्रथमच दरखास्त, म्हणजे न्यायालयाकडून अंमलबजावणीसाठीचा अर्ज, दाखल झाली. ऑगस्टमध्ये झालेली तडजोड, सहा हप्ते, त्यातील तीन आले आणि नंतर सामनेवाल्याने फोन उचलणे बंद केले. आम्ही डिसेंबर आणि जानेवारीत पुन्हा बसण्यासाठी दोनदा बोलावले, ते आले नाहीत. आता अर्जदाराला कागदाचा आधार घ्यावा लागला. तडजोडनाम्याला निवाड्याचा दर्जा असल्यामुळे तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या सुंदरम फायनान्स निकालाप्रमाणे त्यासाठी देणेकऱ्याची मालमत्ता जेथे आहे तेथील न्यायालयात थेट जाता येते. सामनेवाल्याचे दुकान साताऱ्यात आहे, म्हणून दरखास्त तेथे झाली.

मी स्वतः अर्जदाराच्या वकिलांबरोबर गेलो होतो. कागद तपासताना तीन गोष्टी विचारल्या गेल्या. मुद्रांक पुरेसा आहे का. तो होता, कारण त्या वेळच्या दराप्रमाणे भरलेला होता. पक्षकारांच्या सह्या आधार ई-साइनने झालेल्या आहेत, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र कोठे आहे; ते आमच्याकडे तयार होते, पण हॅश मूल्याचा, म्हणजे फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक अंकाचा, रकाना रिकामा राहिला होता, तो दुपारी भरून आणावा लागला. आणि समेटकाराने तडजोडनामा अधिप्रमाणित केल्याचे कोठे दिसते. कलम ७३ प्रमाणे ते करून प्रत्येक पक्षाला प्रत द्यायची असते, आमच्या प्रतीवर ते संगणकीय शिक्क्याच्या रूपात होते, आणि तो शिक्का छापील प्रतीवर इतका फिका उमटला होता की मलाही वाचता आला नाही. वकिलांनी समेटकारांना फोन करून शपथपत्राची व्यवस्था केली.

उद्यापासून प्रत्येक तडजोडनाम्याच्या दोन कागदी प्रती काढायच्या, त्यावर समेटकाराने शाईने सही करून तारीख घालायची, एक-एक प्रत दोन्ही पक्षांना स्पीड पोस्टने पाठवायची आणि पोचपावती प्रकरणाच्या पानावर चढवायची. कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य आपोआप भरले जाईल असा बदल या आठवड्यात करायचा आहे. ऑगस्टपासून आजवरच्या सर्व तडजोडनाम्यांच्या प्रती काढून त्यांवर सह्या घेण्याचे काम सहकारी ताईंनी हाती घेतले असून, पहिला गठ्ठा शुक्रवारी कोल्हापूरला जाईल.